पूजेतला पेचकस

आमच्या घरी खंडेनवमीला अवजारांची पूजा होते आणि ती पुरुषांची पूजा. बायांनी पुरण शिजवायचं, नैवेद्याचं ताट ओसरीवर आणून द्यायचं आणि मागं सरायचं. ओसरीवर घोंगडी अंथरून तिच्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार, कुळवाची पास, ट्रॅक्टरचे पाने, नवऱ्याचं मोटार वायंडिंगचं सामान असं सगळं ओळीनं मांडतात. आधी प्रत्येक अवजार दूधपाण्यानं धुतात, मग हळदकुंकू, मग झेंडूचं फूल. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत त्यातल्या कशालाच हात लावायचा नाही. भाजी चिरायची विळीसुद्धा त्या ओळीत जाते, म्हणून आम्ही भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतो. वर्षभर खुरपं चालवायचं आम्ही आणि पूजेच्या दिवशी त्याला कुंकू लावणार हे लोक. लग्न झाल्यापासून मला हे खटकायचं.

तर त्या वर्षी मी माझा लॅपटॉप नेऊन त्या ओळीत ठेवला.

आमचं गाव सेलू तालुक्यात, वालूरच्या पलीकडं. तिथं बसून मी पुण्याच्या एका प्रकाशनासाठी टायपिंग करत होते. जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी गाईम्हशींच्या आजारांवर सहाशे पानं हातानं लिहून काढली होती आणि अक्षर असं, की स्वतः डॉक्टरांनाही फोन केला तर ते म्हणायचे, थांबा, आठवून सांगतो. चौदा महिने मी ते अक्षर लावत होते. तीसेक पानं उरली होती. प्रकाशनाच्या बाईंनी कबूल केलं होतं की हे दिवाळीच्या आत हातात पडलं तर पुढची कामं तुमच्याकडंच येतील. त्या हेही सांगत होत्या की रोजचं काम पेनड्राइव्हवर काढून ठेवत जा. मी हो हो म्हणत आज करू, उद्या करू करत राहिले. सगळंच्या सगळं त्या एका लॅपटॉपात होतं. ही चूक माझी, ती मी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ठेवत नाही.

काम करायला मला घरामागची खोली मिळाली होती. मिळाली म्हणजे मी भांडून घेतली होती. आधी तिथं खताची आणि सोयाबीनची पोती असायची. शेतीचा सगळा कारभार माझे थोरले दीर बघतात, त्यांना मी दादा म्हणते. त्यांना ती खोली परत पाहिजे होती आणि त्याहून जास्त त्यांना मी परत पाहिजे होते, सोयाबीनच्या सोंगणीला. त्यांनी मला सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, हे कधी संपणार. मी म्हणाले, दसऱ्यापर्यंत. ते म्हणाले, ठीक हाय, दसऱ्याला पुस्तक संपलेलं दिसलं तर खोली तुमची, न्हाई तर विळा घ्यायचा. मी हो म्हणाले. शब्द दिला होता मी, हे आधीच सांगून ठेवते.

लॅपटॉप घोंगडीवर ठेवला तेव्हा दादा हसले. म्हणाले, आता मिक्सरबी आणून ठेवा. मी म्हणाले, आणते की, तोबी राबतोच. मग मी माझ्या सासऱ्यांकडं वळले. पूजा तेच करतात, मी त्यांना मामा म्हणते. मामांना मी बजावून सांगितलं की ह्याच्यावर नुसतं फूल टाकून मोकळं व्हायचं नाही, विळ्याला जे कराल तेच ह्याला करायचं. मामांनी मान हलवली. मामा कमी बोलतात, पण ऐकलेलं विसरत नाहीत.

मी पुरण वाटायला आत गेले. पाट्यावर अर्धं पुरण झालं असेल, तेवढ्यात नवऱ्याचा आवाज आला, बाबा थांबा, थांबा. मी हात तसेच घेऊन बाहेर पळाले. मामांनी लॅपटॉपचं झाकण उघडलं होतं. फाळ उलटून दोन्ही बाजूंनी धुतात, तसं त्यांनी ह्याला आतूनही धुवायचं ठरवलं होतं आणि गडव्यातलं दूधपाणी बटणांवर सरळ धार धरून सोडलं होतं. मी रोजच्या सवयीनं तो नुसता मिटून ठेवला होता, बंद केला नव्हता. स्क्रीन एकदा उजळला, थरथरला आणि काळा झाला.

मामांचा हात गडव्यासकट तिथंच थांबला. त्यांना कळलं नव्हतं काय झालं, पण माझ्या तोंडाकडं बघून कळलं. ते म्हणाले, "तूच म्हणलीस ना माय, विळ्यासारखंच."

मीच म्हणाले होते. त्या म्हाताऱ्या माणसानं माझा शब्द जसाच्या तसा पाळला होता. मला रडू आलं, राग आला आणि वर तोंडात हसूही यायला लागलं, हे तिन्ही एकदम झालं की माणूस कसं दिसतं कोण जाणे. पुरणाचे हात पदराला पुसले, लॅपटॉप उचलला आणि उलटा तंबूसारखा उभा केला. आतून पांढरट पाणी ठिबकत राहिलं. बटण दाबून धरलं, बंद केला. दादा म्हणाले, संपला खेळ. ते खवचटपणे म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते सहज म्हणाले, एखाद्या पावसाळी दिवसाबद्दल बोलावं तसं, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं.

परभणीत एक लॅपटॉपवाला आहे, त्याच्याकडूनच मी हा जुना घेतला होता. त्याला फोन लावला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की दूध गेलं असेल तर बोर्ड गेला समजा, आतलं काम वाचेल का न्हाई ते उघडल्याबिगर कळायचं न्हाई. चालू मात्र अजिबात करू नका. परवा घेऊन या, उद्या दुकान बंद. मी म्हणाले, परवापर्यंत आत काय होईल? तो म्हणाला, दूध वाळंल, गंज धरंल. मी म्हणाले, मग आजच उघडा की, मी आत्ता एसटीनं निघते. तो हसला.

"ताई, आज पेचकस कोण उचलंल? माझंबी सगळं सामान पूजेत हाय."

मी फोन ठेवला. ओसरीवर आले. घोंगडीवर नवऱ्याचे पेचकस ओळीनं झोपले होते, लहानमोठे सात, प्रत्येकावर कुंकवाचा टिळा. नवऱ्याचं काम विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी खोलून पुन्हा गुंडाळायचं, त्यामुळं घरात असले बारीक पेचकस होते. मी त्याला म्हणाले, तो बारका पाहिजे मला. तो म्हणाला, उद्या घे. त्याचं काही चुकलं नव्हतं, तो सगळ्यांसारखं बोलत होता. पण उद्यापर्यंत आत दूध वाळणार होतं, परवापर्यंत गंज चढणार होता आणि त्याच्याबरोबर माझे चौदा महिने जाणार होते. अन् हे सगळं कशासाठी, तर अवजारं आराम करतात म्हणून. माझ्या खुरप्यानं कधी आराम केलेला मी पाहिला नव्हता, ते एका दिवसाचं कौतुक मला कुणी सांगू नये.

मी वाकले आणि सगळ्यात बारीक पेचकस उचलला. फूल बाजूला ठेवलं, कुंकू बोटाला लागलं.

दादा उठून उभे राहिले. म्हणाले, हे बरं न्हाई, वर्षभर घराला भोवंल, काय वाकडं झालं तर कुणाच्या पदरात घालायचं? मी म्हणाले, माझ्या पदरात घाला. सगळे मामांकडं बघायला लागले. पूजा त्यांनी केली होती, बोलायचा हक्क त्यांचा. मामांनी माझ्या बोटावरचं कुंकू बघितलं. त्यांनी नको म्हटलं असतं तरी मी पेचकस खाली ठेवला नसता, पण मग त्या घरात राहणं अवघड झालं असतं.

मामा म्हणाले, "उठवलंस ना त्याला? मग आता काम झाल्याबिगर खाली ठेवू नको."

मागच्या खोलीत जमिनीवर पांढरं धोतर अंथरून मी बसले. मोबाइलवर कुणीतरी हिंदीत असाच लॅपटॉप खोलून दाखवत होता, पण खोलीत रेंज नसते. म्हणून गच्चीवर जायचं, एक पायरी बघायची, खाली येऊन ती करायची, पुन्हा वर. जिने चढूनच माझा जीव निघाला. खालच्या बाजूला अकरा स्क्रू निघाले, त्यातले दोन रबराच्या पायांखाली लपलेले. कुठला स्क्रू कुठला हे कळावं म्हणून मसाल्याचा डबा रिकामा करून आणला. सात वाट्या. मोहरीच्या वाटीत खालचे, जिऱ्याच्या वाटीत बॅटरीचे, हळदीच्या वाटीत आतले असं ठरवून ठेवत गेले. खालचं झाकण जुन्या एटीएम कार्डानं फटीत सरकवत सरकवत सोडवलं. पहिलं काम बॅटरीची वायर काढायची, ती काढली.

मग आत बघितलं. बोर्डावर दुधाचा ओघळ गेला होता, पंख्याच्या कडेनं खाली उतरला होता. कोपऱ्यात थेंब साचले होते. पण वाळलं नव्हतं. अजून सगळं ओलं होतं. आजच उघडायला पाहिजे होतं, मी बरोबर होते, हे त्या ओल्या दुधानं मला सांगितलं आणि लॅपटॉपवाल्याला, दादांना, सगळ्या गावाला एकेकाला बोलावून दाखवावंसं वाटलं.

कीबोर्ड सोडवताना मी चूक केली. त्याची कागदासारखी पातळ पट्टी एका छोट्या काळ्या खिट्टीत अडकवलेली असते. खिट्टी वर उचलायची असते, मी पुढं ओढली. टिक आवाज आला आणि खिट्टीचा तुकडा माझ्या मांडीवर पडला. मी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. नवरा दारात येऊन उभा होता, मला माहीत नव्हतं. त्यानं ती शिवी ऐकली आणि आत आला. समोर बसला, तुकडा उचलून बघितला, जिऱ्याच्या वाटीत ठेवला. मग म्हणाला, मोटारीत पाणी गेलं की आधी पाणी सारायचं अन् मग पुसायचं, घासत बसायचं न्हाई. त्यानं त्याच्याकडची स्पिरिटची बाटली आणली. पेचकसाला मात्र त्यानं त्या दिवशी हात लावला नाही. लागेल तो मीच उचलायचा आणि काम झालं की मीच बाजूला ठेवायचा. मी त्याला त्यावरून चिडवलं. तो म्हणाला, आधीच एकजण बाटलीय, दोघं कशाला.

पुसायला मऊ ब्रश पाहिजे होता. घरातले सगळे ब्रश कडक. मामा मघापासून अंगणात खुर्चीवर बसून खोलीच्या दाराकडं बघत होते. ते उठले, आत गेले आणि स्वतःचा दात घासायचा ब्रश घेऊन आले. त्यांच्या हिरड्या दुखतात म्हणून दवाखान्यातून सांगून आणलेला, अगदी मऊ. माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसले. त्या ब्रशनं मी स्पिरिट लावून बोर्ड साफ केला, एकेक कोपरा, चिपचा एकेक पाय. पांढरं निघत गेलं. जेवायला मला दोनदा बोलावलं, मी गेले नाही. नैवेद्याची पुरणपोळी नवऱ्यानं ताटलीत आणून दिली, ती एका हातानं खाल्ली.

संध्याकाळी दादा येऊन म्हणाले, तांदळात पुरून ठेवा, मोबाइल तसाच वाळवतात. मी म्हणाले, तांदळाचा कोंडा आत जाऊन बसंल. खोलीतला टेबलफॅन लावून सगळे तुकडे धोतरावर मांडून ठेवले. मग पेचकस त्यांच्या शेजारीच ठेवला. काम झालं नव्हतं, म्हणून पूजेत परत ठेवला नाही.

दसऱ्याच्या दिवशी सगळे शिलंगणाला गेले. मी गेले नाही. मामा आपट्याची पानं घेऊन आले, मी दारातच त्यांच्या पाया पडले आणि पानं घेतली. दुपारी जोडायला बसले. झाकण लावायच्या आधी एकदा चालू करून बघितलं. पंखा फिरला, चार सेकंदांत थांबला. पुन्हा केलं, पुन्हा थांबला.

नेमका त्याच वेळी बाहेर ट्रॅक्टर आला. वरच्या रानात नवमीच्या आधीच मळून ठेवलेल्या सोयाबीनची पोती भरून दादांनी आणली होती. दादा खोलीच्या दारात आले. जमिनीवर पसरलेलं सगळं बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, दसरा झाला. पुस्तक झालं का? मी म्हणाले, न्हाई. मशीन चालू झालं का? न्हाई. मग आता आवरा, पोती उतरायची हायत.

मी तेव्हा काय विचार केला तेही सांगते. मी विचार केला की हा माणूस खरं बोलतोय. मी शब्द दिला होता आणि लॅपटॉप बिघडला नसता तरी ती तीस पानं दसऱ्यापर्यंत झाली नसती. लॅपटॉप मेला असेल तर मी ह्या खोलीत बसून काय करणार आहे? टायपिंगच राहिलं नाही तर खोली कशाला? सगळं त्यांच्या बाजूनं होतं. आणि तरी माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं.

"खोली देणार न्हाई, दादा. मशीन चालू होऊ दे नाही तर न होऊ दे."

ते म्हणाले, शब्द दिला होता तुमी. मी म्हणाले, व्हय, दिला होता, आता मोडायलेय. चालू नाही झालं तर ही सहाशे पानं मी पुन्हा लिहीन, हातानं लिहीन, पण इथंच बसून. त्यांनी मामांकडं बघितलं. मामा खुर्चीत होते, त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं. ह्या वेळी त्यांनी माझी बाजू घेतली नाही आणि दादांचीही घेतली नाही. ते माझं मलाच लढायचं होतं. मी उठून दाराची कडी आतून लावली. मग पोती ओसरीवर पडायला लागली, धप, धप, एकेक पोतं जरा जोरातच.

कडी लावलेल्या खोलीत मी आणि नवरा. तो खिडकीतून आत आला होता हो, दार मी लावल्यावर. म्हणाला, ती रॅमची पट्टी काढ, तिच्या पितळी दातांवर काहीतरी बसलं असंल. खोडरबरानं दात घासले, पट्टी परत दाबून बसवली. बटण दाबलं. पंखा फिरला. चार सेकंद झाले, पाच झाले, दहा झाले. स्क्रीन उजळला. नवऱ्यानं माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. फाईल उघडली. शेवटचं वाक्य तिथंच होतं, म्हशीच्या पोटफुगीवरचं, अर्धवट तुटलेलं, खंडेनवमीच्या सकाळी मी सोडलं होतं तसं. मी तिथं बसून मोठ्यानं रडले. बाहेरच्यांना वाटलं, गेला.

कीबोर्ड मात्र गेलाच, माझ्या त्या तोडलेल्या खिट्टीमुळं. सेलूहून वायरचा वेगळा कीबोर्ड आणला आणि उरलेली पानं त्याच्यावर केली. पुस्तक दिवाळीच्या आधी गेलं. ते काम झाल्यावरच मी तो पेचकस नवऱ्याच्या डब्यात परत ठेवला. त्यानंतर अजून कामं आली, अजून येतात.

पण पुस्तक जायच्या आधी पाऊस आला. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दुपारी असा कोसळला की ओसरीवरची ताडपत्री उडाली आणि बाहेरच्या कडेची पोती भिजली. दादांनी सगळ्या घरासमोर मला ऐकवलं. पूजा मोडली, शब्द मोडला, घरातलं पिवळं सोनं भिजवलं. मी खोलीतून बाहेर आले. सोयाबीन अंगणात पसरलं आणि चार दिवस दर तासाला कामावरून उठून हातानं वर-खाली केलं. त्यातलं काही काळं पडलं, काहीला मोड आले. मला त्याचं वाईट वाटलं, ते त्यांनी राबून पिकवलेलं होतं. पण खोलीचं दार मी पोत्यांसाठी उघडलं नाही.

अजूनही कुणी पाहुणे आले, की दादा हा किस्सा सांगतात. घोंगडीवरून पेचकस उचलला इथून सुरुवात करतात आणि भिजलेल्या पोत्यांवर येऊन थांबतात. मग माझ्याकडं बघतात, मी मान खाली घालीन म्हणून. घरच्या सुनेनं एका मशीनपायी तीन पोती भिजवली, असं म्हणतात ते. मी चहाचे कप पाहुण्यांपुढं ठेवते आणि सांगते,

"तीन न्हाई दादा, पाच होती."